चाळिशीपुढची बाद फेरी

चाळिशी ओलांडलेल्यांची फुटबॉल स्पर्धा बाद पद्धतीनंच व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. हरला तो घरी. गुणतक्ता नाही, गोलफरक नाही, पुढच्या रविवारी भरून काढू म्हणायची सोय नाही. आमच्या गुडघ्यांची काळजी करणारी मंडळी नेमकं उलट सांगतात. "आता कशाला एवढी ईर्षा? साखळी ठेवा, सगळ्यांना चार-चार सामने मिळू देत, हसतखेळत खेळा." त्यांच्या काळजीत खोट नाही. पण ईर्षा काढून घेतली की उरतं ते सकाळचं धावणं, आणि त्यासाठी रंकाळ्याचा काठ आहेच की.

आमच्या कोल्हापूरला निकाल लागलेला आवडतो. शाहू महाराजांच्या आश्रयानं पेठापेठांतल्या तालमींत कुस्ती वाढली आणि पुढं त्याच तालमींच्या पोरांनी फुटबॉल उचलला. आजही शाहू स्टेडियमवर उतरणारे संघ म्हणजे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. स्टेडियमवरून चालत निघालं की थोड्या वेळात खासबाग येतं. तिथं तांबड्या मातीतली मोठी कुस्ती पंचांनी बरोबरीत सोडवली की माणसं कशी नाराज होऊन उठतात, हे ज्यानं बघितलंय त्याला आमच्या फुटबॉलबद्दल वेगळं सांगायला नको. माझे आजोबा कुस्तीच्या मैदानाला जायचे, वडील फुटबॉलला. दोघंही घरी आले की आजी एकच विचारायची, "कोण पडलं?"

आणि खरं बघितलं तर फुटबॉलही आधी असाच होता. इंग्लंडमध्ये १८७१-७२ च्या हंगामात एफए कप सुरू झाला तो १५ संघांवर. ही कल्पना तिथल्या फुटबॉल संघटनेचा सचिव चार्ल्स अल्कॉक याची. हॅरो शाळेत वसतिगृहांच्या संघांत जी बाद स्पर्धा चालायची, ती त्याच्या डोक्यात होती. तिथली लीग (साखळी स्पर्धा) आली १८८८ साली, म्हणजे कपानंतर १७ वर्षांनी. आपल्याकडं ड्युरँड कप त्याच १८८८ साली सिमल्यात सुरू झाला, मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा, कोलकात्याची आयएफए शील्ड १८९३ ची. देशपातळीवरची लीग मात्र १९९६ पर्यंत नव्हतीच. शंभर वर्षं हा देश फुटबॉल खेळला तो चषकासाठी. आमच्या वडिलांच्या पिढीला रोव्हर्सच्या अंतिम सामन्याच्या बातम्या तोंडपाठ असायच्या, लीगचा तक्ता कुणी बघितला होता?

व्यवहाराचाही प्रश्न आहे. १६ संघांची बाद स्पर्धा १५ सामन्यांत संपते, कारण प्रत्येक सामन्यात एक संघ जातो आणि शेवटी एकच उरायचा असतो. त्याच १६ संघांनी एकमेकांशी एकेकदा खेळायचं म्हटलं तर १२० सामने होतात. कोल्हापुरात मैदान कुठं आहे १२० सामन्यांना? शाहू स्टेडियमवर वरिष्ठ गटाचेच सामने दाटीवाटीनं बसवलेले असतात. गांधी मैदानात पाऊस पडला की पाणी साठतं. दुधाळी, मेरी वेदर इथं क्रिकेटवाल्यांच्या आधी पोचावं लागतं. मृगाचा पाऊस यायच्या आत सगळं उरकायचं असतं. गट पाडून साखळी ठेवता येते, मान्य. तरी बाद स्पर्धेच्या जवळजवळ दुप्पट सामने होतात, आणि गटातला शेवटचा सामना बऱ्याचदा कुणालाच नको असतो. चाळिशीपुढच्या माणसाला असा सामना दिला की त्याला घरचं काम आठवतं. उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा, गुजरीत दुकान सांभाळणारा, शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळी करून आलेला, अशी आमची टीम. या माणसांना पहाटे पाचला उठवायचं तर समोर काहीतरी पणाला लागलेलं पाहिजे.

आमच्या वयाच्या खेळाडूंना एरवी जे मिळतं त्याला 'प्रदर्शनीय सामना' म्हणतात. मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी अर्धा तास, नव्या टी-शर्टवर प्रायोजकाचं नाव, गळ्यात हार, पाहुण्यांशी ओळख. मग मैदानात कुणी कुणाला अडवत नाही. जुन्या नावाजलेल्या खेळाडूकडं बॉल आला की बचावपटू बाजूला होतात, गोलकीपर उडी मारल्यासारखं करतो, गोल होतो, निवेदक ओरडतो, टाळ्या पडतात. आयोजकांचा हेतू मान द्यायचाच असतो, यात शंका नाही. पण ज्या माणसानं कधीकाळी अर्ध्या पेठेच्या शिव्या खाऊन गोल केलेत, त्याला सोडून दिलेला गोल देणं हा मान नाही. अशा सामन्यानंतर त्याचा चेहरा बघा. तो हसत असतो, पण स्कोअर काय झाला हे त्याला सांगता येत नाही. मला त्या टाळ्या नकोत. मला असा बचावपटू हवा जो माझ्या अंगावर येईल, कारण मी पुढं गेलो तर त्याला घरी जावं लागणार आहे.

म्हणून गावातल्या काही जुन्या खेळाडूंनी मिळून चाळिशीपुढच्यांची बाद स्पर्धा घ्यायचं ठरवलं, तेव्हा आम्ही लगेच नाव दिलं. प्रवेश फी प्रत्येकानं खिशातून काढली. वयाची खात्री आधार कार्डावर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. दाखल्यांचा गठ्ठा टेबलावर आला आणि एकामागून एक तीच तारीख दिसायला लागली, १ जून. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांची खरी जन्मतारीख घरात कुणी लिहून ठेवली नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकली आणि तीच आयुष्यभर चालली. त्यामुळं कागदावर निम्मी स्पर्धा एकाच दिवशी जन्मलेली. कुणाच्या आईला महापूर आठवायचा, कुणाच्या आईला दुष्काळ, त्यावरून वर्ष ताडून बघायचं. एखादा खेळाडू कागदावर वर्षभर लहान निघून बाहेर बसतो, तेव्हा वाईट वाटतं. तरी ताठर राहावंच लागतं. वयाच्या स्पर्धेत वयावर तडजोड केली की एकोणचाळीसचा दमदार गडी पंचेचाळीसच्या माणसाला पळवून पळवून मारतो आणि पुढच्या वर्षी संघच येत नाहीत.

नियम बदलायची मुभा आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फुटबॉलचे नियम ठरवणारं आयएफएबी हे मंडळ वयस्क खेळाडूंच्या फुटबॉलसाठी काही बदल करू देतं: मैदान लहान, गोलपोस्ट लहान, वेळ कमी आणि बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत यायची परवानगी. आम्ही २५-२५ मिनिटांचे दोन डाव, कितीही वेळा बदली आणि घसरून केलेल्या टॅकलला बंदी, एवढं घेतलं. घसरून टॅकलवर सुरुवातीला मोठा वाद झाला. आमच्या बचावफळीतल्या अण्णाचं म्हणणं, "मग मी करू काय? उभ्या उभ्या हात जोडू?" अण्णाची बाजू मला कळते, त्याचं सगळं नाव त्या टॅकलवर झालं होतं. पण या वयात घोट्याचं हाड मोडलं तर माणूस तीन-चार महिने कामावर जात नाही, आणि आमच्यातल्या बहुतेकांना भरपगारी रजा नसते.

पुन्हा आत येण्याच्या मुभेचं महत्त्व कळायला १९५३ चा एफए कपचा अंतिम सामना आठवावा. स्टॅन्ली मॅथ्यूज तेव्हा ३८ वर्षांचा होता. १९४८ आणि १९५१ मध्ये ब्लॅकपूलकडून अंतिम सामना हरलेला. या खेपेलाही बोल्टन ३-१ नं पुढं होतं आणि वीसेक मिनिटं उरली होती. त्या काळी बदली खेळाडू नव्हता. बोल्टनचा एरिक बेल पहिल्या डावातच दुखावलेला, तसाच लंगडत खेळत होता. त्याच बाजूचा त्यांचा बचावपटू बँक्स, त्याच्या पायात गोळे आलेले. मॅथ्यूजनं उजव्या बाजूनं तीच कड पुन्हा पुन्हा कापली. ब्लॅकपूल ४-३ नं जिंकलं. गोल मॉर्टेन्सननं केले, तीन. विजयी गोल पेरीचा. तरी लोकांनी तो सामना मॅथ्यूजच्याच नावावर लावला. हा माणूस पुढं ५० व्या वर्षापर्यंत इंग्लंडच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये खेळला, पण त्याला लोक ओळखतात ते त्या एका दुपारसाठी, हरला असता तर पुन्हा मिळालीच नसती अशा दुपारसाठी. मला त्या गोष्टीत बँक्सही तितकाच दिसतो. गोळे आलेला पाय घेऊन उभा राहिलेला आणि बाहेर जायला जागा नसलेला. आमच्या स्पर्धेत बँक्सला पाच मिनिटं बसून पाणी पिऊन परत येता आलं असतं.

शरीराचं काय होतं तेही सांगितलं पाहिजे, कारण त्यावरच साखळीवाल्यांचा खरा मुद्दा उभा आहे. वयाबरोबर आधी जातात ते झटक्यानं आखडणारे स्नायूतंतू. दम बराच काळ टिकतो, पहिली दोन पावलं टिकत नाहीत. डोक्यात विशीतला बॉल दिसतो, पाय त्यावर पोचत नाहीत, आणि त्या अर्ध्या पावलाच्या फरकात मांडीची मागची शीर ओढली जाते, पोटरी धरते. थंड अंगानं मैदानात उतरणं हा आमच्या पिढीचा जुना रोग. फिफानं तयार केलेला 'इलेव्हन प्लस' नावाचा वीसेक मिनिटांचा सराव आहे: हळू धावणं, मग ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम, मग वेगात धावणं. त्यानं दुखापती कमी होतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. त्यातला एक प्रकार तर तालमीत शोभेल असा आहे. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे घट्ट धरायचे, आणि अंग ताठ ठेवून हळूहळू पुढं झुकायचं. आमच्यात तो सुरू झाला तेव्हा तालमीतल्या म्हाताऱ्या वस्तादांनी उभं राहून बघितला आणि मान हलवली. त्यांना पटलं.

हृदयाची गोष्ट त्याहून गंभीर आहे आणि तिथं मी कुणाचं ऐकणार नाही. १२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या मैदानात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला. वय २९, अव्वल दर्जाचा व्यावसायिक खेळाडू. छातीवर दाब देणारे हात आणि हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, डिफिब्रिलेटर, तिथंच होते, म्हणून तो वाचला. पंचेचाळीस वर्षांचा, मधुमेहाची गोळी घेणारा, तांबड्या रश्श्यावर वाढलेला माणूस ज्या मैदानात पळणार आहे, तिथं छातीवर दाब कसा द्यायचा हे येणारी चार माणसं उभी असलीच पाहिजेत आणि रुग्णवाहिका फाटकाशी हवी. खेळाडूकडं डॉक्टरांचा दाखला हवा. हे नसेल तर स्पर्धा घेऊ नये, साखळी असो की बाद. पण हे सगळं केल्यावर "बाद पद्धतीनं ताण येतो" हा आक्षेप फारसा उरत नाही. उलट जिंकणाऱ्या संघालाही १६ संघांच्या स्पर्धेत चारच सामने खेळावे लागतात, मध्ये आठवडाभर विश्रांती मिळते. शरीराला एवढं झेपतं.

आता आमच्या उपांत्यपूर्व सामन्याबद्दल. समोर पलीकडच्या पेठेचा संघ. आम्ही विशीत होतो तेव्हा यांच्याशी सामना असला की आठवडाभर आधी गल्लीत शांतता नसायची. मैदानात धक्काबुक्की, बाहेर दगड, दुसऱ्या दिवशी पोलीस चौकी, हे गावानं अनेकदा बघितलंय आणि त्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही. त्यांचा सेंटर फॉरवर्ड, सगळे त्याला बापू म्हणतात, तेव्हा आमच्या स्वप्नात यायचा. आता केस पांढरे, पोट थोडं पुढं. पण पाठीवर माणूस घेऊन बॉल थांबवायची त्याची पद्धत तीच आहे. पहिल्या दहा मिनिटांत त्यानं तसाच बॉल थांबवला, डावीकडं वळल्यासारखं केलं, उजवीकडं वळला, गोल. मी त्याच्या मागंच होतो. तो डावीकडं जाणार नाही हे मला माहीत होतं. माहीत असून पाय पोचले नाहीत.

दुसऱ्या डावात कॉर्नरवर आमच्या आबानं डोक्यानं बरोबरी साधली. आबा गुजरीत चांदीचं काम करतो, दिवसभर मान खाली. त्या मानेनं असा हेडर मारावा! कठड्याशी आमची बायकापोरं होती. आबाच्या मुलीनं बापाला खेळताना पहिल्यांदाच बघितलं. शेवटची दहा मिनिटं दोन्हीकडचे लोक धावत नव्हते, चालत होते, पण प्रत्येक बॉलवर कुणीतरी पाय घालत होतंच. अण्णा न घसरता, उभ्या उभ्या, दोनदा गोलरेषेवरून बॉल काढून आला. तो वाद तिथं संपला.

जादा वेळ नियमातच नव्हता, थेट टायब्रेकर. हासुद्धा तसा अलीकडचा प्रकार. १९६८ च्या युरोपीय स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघाचा उपांत्य सामना नाणं उडवून ठरला होता. पेनल्टीची पद्धत नियमांत आली १९७० साली. नाण्यापेक्षा हे शतपटीनं बरं. अकरा मीटर, एक माणूस, एक बॉल. २०२२ चा विश्वचषक अर्जेंटिनानं असाच जिंकला तेव्हा कोल्हापुरात मध्यरात्री गुलाल उधळला होता. टीव्हीवर बघताना वाटतं, एवढ्या मोठ्या गोलात बॉल जायला काय अडचण आहे. पन्नास मिनिटं खेळलेल्या पंचेचाळिशीच्या पायांना अडचण असते. टेकवलेला पाय थरथरतो आणि बॉल वर जातो.

आमची पाचवी पेनल्टी आबाची होती. ती बारवरून गेली. बापूनं त्यांची शेवटची मारली, कोपऱ्यात, संथ, आणि आम्ही बाद झालो.

आमच्या पिढीतल्या बहुतेकांना त्यांचा तरुणपणीचा शेवटचा सामना कोणता, हे सांगता येत नाही. कुणाला पुण्यात नोकरी लागली, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा गुडघा गेला, कुणाला वरिष्ठ संघातून हळूच बाजूला केलं. बूट पोटमाळ्यावर गेले आणि तिथंच राहिले. शेवटचा सामना खेळताना तो शेवटचा आहे हे ठाऊकच नव्हतं, त्यामुळं त्याचा निरोप कुणी घेतला नाही, कुणी दिला नाही. वीस-पंचवीस वर्षं तालमीच्या कट्ट्यावर बसून ही माणसं इतरांचे सामने बघत आलीत आणि त्यांच्या बोलण्यातली ती खुमखुमी कशाची आहे, हे मला त्या दिवशी नीट कळलं. बाद फेरी शेवट देते. तारीख असते, वार असतो, स्कोअर असतो, समोर कोण होतं हे असतं. साखळीत तिसऱ्या क्रमांकावर राहून हे मिळत नाही आणि प्रदर्शनीय सामन्यात तर नाहीच नाही.

आबा मैदानात बसून राहिला होता. आम्ही पोचायच्या आत बापू त्याच्याजवळ गेला, बाजूला मांडी घालून बसला आणि म्हणाला, "हेडर कसला मारलास रे! त्या वेळी आमच्याकडं असतास तर?" आबा म्हणाला, "त्या वेळी तुमच्या पेठेत पाय टाकायची सोय होती काय?" दोघं बराच वेळ बोलत बसले. चांदीचा भाव, पोरांची शिक्षणं, बापूची बायपास. हो, बापूची बायपास झालेली आहे, आणि त्याचा डॉक्टरांचा दाखला आयोजकांच्या फाईलीत सगळ्यात जाड होता. मग दोन्ही संघ मिळून गंगावेशीत गेलो. कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलो, तेव्हा अण्णा बापूला टॅकल कशी करायची ते हातवारे करून दाखवत होता.

एक तक्रार रास्त आहे आणि तिचं उत्तर द्यायला हवं. बाद स्पर्धेत पहिल्याच फेरीत निम्मे संघ जातात. १६ पैकी आठ जण वर्षभर सराव करून एका सकाळीत मोकळे होतात. त्यांच्यासाठी पहिल्या फेरीत हरलेल्यांची वेगळी बाद स्पर्धा ठेवावी, असं मी आयोजकांना सांगितलंय. आठ संघ, सात सामने. तीही बादच, तिथंही दुसरी संधी मिळाली म्हणून तिसरी मिळणार नाही.

दुसरं सांगितलंय ते पन्नाशीपुढच्या गटाचं. अण्णा दोन वर्षांत पन्नाशी गाठेल, बापूनं गाठलेली आहे, आणि चाळिशीतल्या पोरांसमोर त्यांना पुढं फार काळ उभं करणं बरोबर नाही. नऊ-नऊ खेळाडू, २०-२० मिनिटं, मैदान थोडं आखूड, सामने सकाळी आठच्या आत. आठ पेठांतून आठ संघ सहज निघतील. त्यातल्या काहींची नावं अजून ठरायची आहेत, पण अण्णा आणि बापू या खेपेला एकाच बाजूनं खेळू का, असं विचारत आयोजकांकडं जाऊन आले. आयोजकांनी नाही म्हणून सांगितलं. ज्यानं त्यानं आपापल्या पेठेकडूनच उतरायचं. मला ते योग्यच वाटलं.